नवीन ब्लेड टाकूनही वायपर टर्र-टर्र करतोय? आधी दोष कुठे आहे ते शोधा

पहिला पाऊस पडतो, वायपर चालू करावा तर तो सरकायच्या ऐवजी उड्या मारत जातो. वर जाताना टर्र-टर्र, खाली येताना गप्प. काचेवर पाण्याचे आडवे पट्टे राहतात आणि समोरच्या दिव्यांचा नुसता फराटा दिसतो. मग दुकान गाठायचं, नवीन जोडी बसवायची. आठवडाभर शांतता, आणि पुन्हा तेच. एका पावसाळ्यात दोन-दोन जोड्या बदलणारे पुष्कळ आहेत, आणि दर वेळी शिव्या ब्लेडच्या कंपनीला बसतात. आवाज ब्लेडमधून येतो हे खरं, पण दोष बऱ्याचदा काचेवर चढलेल्या थरात नाहीतर आर्मला, म्हणजे ब्लेड धरून फिरणाऱ्या लोखंडी हाताला, पडलेल्या पिळात असतो. तो तसाच ठेवून ब्लेड बदललं की नव्या रबराची कोरी धार चार दिवस निभावून नेते, एवढंच.

हे समजायला रबर जवळून बघावं लागतं. ब्लेडच्या रबराला खाली एक बारीक ओठ असतो, जाडीला एक मिलिमीटरपेक्षाही कमी. त्याच्या वर रबर अजून अरुंद होतं, म्हणजे तिथे जणू बिजागरीच असते. वायपर वर जाताना हा ओठ खाली झुकलेला असतो आणि ब्लेडमागे ओढला जातो. टोकाला पोचून वायपर परत फिरला की ओठाने 'टप्' करून दुसऱ्या बाजूला पलटी मारायची असते. हे पलटणं चुकलं की ओठ ओढला जात नाही, ढकलला जातो. फळ्यावर खडू तिरका ओढला तर मुकाट्याने लिहितो आणि उभा धरून ढकलला तर करकरतो, तसंच. अडकतो, ताण साठतो, सुटतो, पुढे उडी मारतो, परत अडकतो. टर्र-टर्र म्हणजे हेच.

कमी वेगावर वायपरच्या मिनिटाला साधारण पंचेचाळीस फेऱ्या धरा. एका फेरीत दोन पलट्या, म्हणजे मिनिटाला नव्वद. मुंबईहून गोव्याकडे आठ तास संततधारेत गाडी चालवली तर त्रेचाळीस हजारांच्या वर. हे सगळं त्या मिलिमीटरभर रबराच्या जिवावर.

आधी ऐका, बघा, पाना नंतर

काच पाण्याने पूर्ण भिजवा. बाटलीने किंवा पाइपने सतत पाणी सोडायला एक माणूस हवा, कारण अर्धवट ओल्या काचेवर चांगला वायपरसुद्धा ओरडतो आणि निदान चुकतं. तुम्ही आत बसा, वायपर कमी वेगावर लावा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये ओठाचं चित्रण करा. डोळ्याला नुसती थरथर दिसते. स्लो मोशनमध्ये ओठ पलटतोय की नाही आणि नेमका कुठल्या जागी अडकतोय हे स्पष्ट दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण इथेच अर्धा प्रश्न सुटतो.

आवाज जाताना-येताना दोन्हीकडे असेल तर काचेवर थर आहे किंवा रबर कडक झालंय. एकाच दिशेला असेल तर आर्मला पीळ पडलाय, किंवा रबर उभं राहून राहून एका बाजूला कायमचं वाकलंय. एकाच बाजूचा वायपर ओरडत असेल तर दोन्ही ब्लेडं काढून तपासा: नीट चालणारं आणि ओरडणारं, आधी दोन्हींचं रबर, मग आर्म. एकाच ठरावीक जागी उडी मारत असेल तर त्या जागेवर बोट फिरवा. चीक, दगडाचा टवका किंवा स्टिकरचा उरलेला गोंद सापडेल. शहरात ठीक आणि एक्सप्रेसवेवर ऐंशीच्या पुढे उचलला जात असेल तर आर्मची स्प्रिंग ढिली. आणि टर्र-टर्र नसून प्रत्येक टोकाला 'ठक्' असा जड आवाज येत असेल, तर रबराचा काही संबंध नाही. आर्मच्या मुळाचा नट किंवा लिंकेज, म्हणजे मोटर आणि आर्म जोडणाऱ्या आतल्या दांड्या, यांच्याकडे जा.

वायपर फिरून गेल्यावर काचेवर धुक्यासारखा पांढुरका पडदा येतो आणि सेकंदा-दोन सेकंदांत उडून जातो का? मग तेलकट थर आहे, हे पक्कं. बारीक उभ्या-आडव्या रेघा राहत असतील तर रबराच्या धारेला टवके पडलेत किंवा खडा अडकलाय.

काच: बहुतेकांचं काम इथेच होतं

काचेवर काय काय बसतं याची यादी मोठी आहे. ट्रक-बसच्या मागे राहून डिझेलचा काळा तेलकट थर. पार्किंगवर पर्जन्यवृक्ष असेल तर त्यावरच्या पिठ्या ढेकणांचा चिकट स्राव, जो उन्हात वाळून पारदर्शक वार्निशसारखा बसतो. आंब्याखाली गाडी लावत असाल तर तेच. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर क्षारांचे पांढरे ठिपके. वॉशिंग सेंटरला 'वॅक्स शाम्पू' मारतात तो बॉडीला चमक देतो आणि काचेवर वायपरचा शत्रू होतो. टायर आणि डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते पुसलेलंच फडकं काचेवर फिरलं की झालं. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्याच्या हातात बहुधा एकच फडकं असतं, आणि ते टायरपासून काचेपर्यंत सगळीकडे फिरतं. काचेसाठी वेगळं फडकं स्वतः विकत घेऊन त्याला दिलं तर तो ते वापरतो. सांगून काही उपयोग होत नाही.

काचेवर थर आहे की नाही ते बघायची साधी खूण: काच शाम्पूच्या पाण्याने धुवून वर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पातळ चादरीसारखं उतरलं तर काच साफ आहे. जागोजागी फाटलं, गोळे झाले, तर थर आहे. दुसरी खूण बोटांची. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि ओल्या काचेवरून हलकेच फिरवा. नुसत्या बोटाला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते.

साफ करायचा क्रम असा. आधी साधं धुणं, धूळ आणि वाळू जाईपर्यंत. हे टाळून थेट घासलं तर स्वतःच्या हाताने चरे पाडाल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. एका गाडीला १०० मिली अल्कोहोल आणि १०० मिली पाणी पुरून उरतं. सावलीत, काच थंड असताना फवारा, एका मायक्रोफायबर फडक्याने पुसा, दुसऱ्या कोरड्याने उचला. एकच फडकं वापरलं तर तेल इकडचं तिकडे होतं. फडक्यावर काळपट-पिवळट डाग येणं बंद होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. सहसा तीन वेळा. रंगावर आणि प्लास्टिकवर ओघळ जाऊ देऊ नका, आणि हे ज्वलनशील आहे, तेव्हा उदबत्ती-सिगारेट लांब.

क्षारांच्या ठिपक्यांवर अल्कोहोल चालत नाही. तिथे पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, पाच मिनिटं फडकं भिजवून ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. झाडाचा चीक आणि जुना थर यासाठी क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ उचलणारी मातीसारखी मऊ वडी. पन्नास ग्रॅमचा तुकडा काचेला पुष्कळ होतो. शाम्पूच्या पाण्याने काच निसरडी ठेवून तो हलक्या हाताने सरकवत राहायचं. खरखर थांबली की जागा साफ झाली. क्ले खाली पडला तर फेकून द्या, त्यात वाळू घुसलेली असते. एवढं करूनही पाणी फाटत असेल तर सेरियम ऑक्साइडचं काच-पॉलिश, नमद्याच्या पॅडवर, सतत ओलं ठेवून. ते थर काढतं. नखाला लागणारा चरा त्याने जात नाही, टूथपेस्टने तर नाहीच. खोल चरा घासून काढायला गेलं की काचेत लाट येते आणि रात्री समोरचा दिवा वाकडा दिसतो.

भांडी घासायची पावडर, तारेची साधी घासणी, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही काचेला लावू नका. रॉकेलने चीक निघतो हे खरं, पण मागे जो तेलकट थर राहतो तो काढायला परत अल्कोहोल लागतंच.

पाणी झटकून टाकणारं कोटिंग मारलेल्या काचेचं वेगळं. हायवेला वेगात थेंब वाऱ्याने उडून जातात, मजा येते. शहराच्या वेगात थेंब तिथेच बसतात, वायपर लावावाच लागतो आणि कोटिंग असमान उतरलं असेल तर रबर निसरड्या भागावरून घट्ट भागावर येताना उडी मारतं. कोटिंग मारल्यावरच आवाज सुरू झाला असेल तर ब्लेडला दोष देऊ नका. एक तर ते पूर्ण काढून पुन्हा सारखं लावा आणि लावल्यावर धूसरपणा जाईपर्यंत पुसा, नाहीतर सिलिकॉन रबराची ब्लेडं बघा. कोटिंगशी त्यांचं बरं जमतं. सतत घाट आणि शहर असं चालवणाऱ्याने कोटिंगच्या भानगडीत न पडलेलं बरं.

रबर

काच साफ झाली की ब्लेड उचला. इथे एक धोका आहे: उचललेला आर्म स्प्रिंगच्या जोराने सुटला की धातूचं टोक काचेवर आदळतं, आणि एका फटक्यात काच तडकते. म्हणून काचेवर आधी जाड टॉवेलची घडी, मगच ब्लेड काढायचं. काही गाड्यांत बॉनेट आड येतं आणि आर्म उभा राहत नाही. तिथे इग्निशन बंद करून लगेच स्टीअरिंगजवळची वायपरची दांडी दाबली की आर्म मधोमध येऊन थांबतात. तुमच्या गाडीत ही सोय आहे का ते पुस्तिकेत बघा, जोर लावू नका.

ब्लेड टोकाकडून डोळ्यासमोर धरा. ओठ मधोमध सरळ उभा दिसला पाहिजे. एका बाजूला लोळलेला असेल आणि बोटाने सरळ करूनही परत तिकडेच जात असेल, तर रबर सहा महिने एकाच बाजूला दाबून बसल्याने तसंच गोठलंय. धारेवरून नख फिरवा, टवके लागतील. मग ओठ बोटाने इकडून तिकडे वाकवा: मऊ रबर सहज पलटतं, म्हातारं रबर अडखळतं आणि मुळाशी बारीक भेगा दाखवतं. महाराष्ट्रातलं एप्रिल-मेचं ऊन रबराचा जीव काढतं. गाडी वापरा किंवा न वापरा, वय होतंच. पावसाळा संपल्यावर टाकलेलं ब्लेड पुढच्या जूनपर्यंत उन्हातच वाळतं. म्हणून बदलायचंच असेल तर ऑक्टोबरात नको. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात टाकलेली जोडी पूर्ण पावसाळा ताजी मिळते.

रबर मऊ आहे, फक्त मळलंय असं दिसलं तर ओल्या फडक्याने लांबीच्या दिशेने पुसा. फडक्यावर काळं येईल. दोन-चार वेळा पुसल्यावर ते कमी झालं की थांबा. नव्या ब्लेडला अल्कोहोल लावू नका. धारेवर ग्राफाइटचा बारीक मुलामा असतो, तोच घर्षण कमी ठेवतो, आणि काळं येतंय म्हणून घासत बसलात तर तोच निघून जातो.

पॉलिश पेपरने धार घासायचा एक उपाय फार फिरतो. त्याने वरचा वाळलेला थर निघून एक-दोन दिवस बरं वाटतं, पण मुलामा जातो, कापलेली सरळ धार गोलसर होते आणि मग पट्टे राहू लागतात. उद्या दुकान उघडेपर्यंतची सोय म्हणून ठीक. खोबरेल तेल, गंजरोधक स्प्रे, ग्रीस रबराला लावणं मात्र साफ चूक. आवाज तेवढ्यापुरता जातो कारण तेल लागलंय. पाच फेऱ्यांत तेच तेल काचेवर पसरतं आणि रात्री काही दिसत नाही.

फक्त रबर बदलायचं असेल, म्हणजे रिफिल, तर त्यात दोन लोखंडी पट्ट्या असतात. जुन्या काढताना त्यांचा बाक कुठल्या बाजूला आहे आणि खाचा आत की बाहेर हे मोबाइलवर टिपून ठेवा. नव्या रबरात त्या उलट्या गेल्या की ब्लेड काचेला पोटाने टेकत नाही, आणि 'नवीन रबर टाकलं तरी उडतंय' ही तक्रार पुन्हा सुरू होते. रबराचं अडकवण असलेलं टोक बहुतेक गाड्यांत आर्मच्या मुळाकडे येतं, म्हणजे ते चालता चालता बाहेर सरकत नाही.

आर्मचा पीळ: ज्याकडे कोणी बघत नाही

काच साफ, रबर नवं, तरी एकाच दिशेला टर्र-टर्र. तर आर्मचाच पीळ. आर्म पिळतो कसा? ब्रशच्या यंत्रात गाडी धुतली, पार्किंगमध्ये कोणी धरून खेचला, ब्लेड बदलताना जोर लावला. आपल्याकडे आणखी एक पद्धत आहे: गाडी पुसून झाली ही खूण म्हणून पुसणारा वायपर उभे करून जातो. उभे करण्यात गैर काही नाही, उलट तापलेल्या काचेपासून रबर लांब राहतं. पण घाईत गाडी काढताना ते नुसते सोडून दिले जातात, फाडकन आपटतात, आणि वर्षभरात आर्म दोन-तीन अंश फिरतो. तेवढं पुरतं.

तपासायला वायपर अर्ध्या वाटेवर थांबवा: चालू असताना इग्निशन बंद केलं की बऱ्याच गाड्यांत तो जिथल्या तिथे थांबतो. ब्लेड काढा, काचेवर टॉवेल ठेवा, आर्मच्या टोकाच्या चपट्या भागावर आइस्क्रीमची काडी आडवी धरा. काडी काचेला समांतर दिसली पाहिजे. एका टोकाला फट जास्त असेल तर पीळ आहे.

कुठल्या बाजूला वळवायचं यात लोक हमखास गोंधळतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ओठ मागे राहायला हवा, तर ब्लेडची पाठ पुढे झुकायला हवी. म्हणून ज्या दिशेला जाताना आवाज येतो, पाठ त्या दिशेकडे किंचित झुकवायची. वर जाताना टर्र-टर्र असेल तर पाठ वरच्या अंगाला, खाली येताना असेल तर खालच्या अंगाला.

वळवताना ब्लेड काढलेलं, आर्म काचेपासून उचललेला, खाली टॉवेल. दोन स्क्रू पाने घ्या, जबड्यांना कापड गुंडाळा. एक पाना आर्मच्या लोखंडी चपट्या पट्टीवर मुळाच्या बाजूला पकडून स्थिर ठेवा, दुसरा टोकाकडे पकडून पिळा. ओतीव डोक्याला, म्हणजे जिथे नट असतो त्या भागाला, अजिबात जोर लागता कामा नये. तो वाकत नाही, मोडतो. एका वेळी डोळ्याला जेमतेम दिसेल एवढंच, मग ब्लेड लावून ओल्या काचेवर बघा. दोन-तीन खेपांत जमतं. जास्त फिरवलंत तर आवाज दुसऱ्या दिशेला सुरू होईल. म्हणजे निदान बरोबर होतं, फक्त निम्मं मागे या. प्लास्टिकच्या आवरणातले किंवा नळीसारखे आर्म पिळू नका, सरळ बदला.

स्प्रिंग, नट, लिंकेज

आर्मच्या पोटात एक स्प्रिंग असते, ती ब्लेड काचेवर दाबून धरते. विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा घरात असेल तर तो ब्लेड जोडतात तिथे अडकवा आणि काचेला काटकोनात हळूच ओढा. रबर काचेपासून सुटतं त्या क्षणीचं वजन बघा. वीस इंची ब्लेडला साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम यायला हवं, लांबी कमी तर त्या मानाने कमी. निम्म्यावर आलं असेल तर आर्म बदला. किनारपट्टीवर, रत्नागिरी-मालवण-पणजीकडे, खाऱ्या हवेने आधी बिजागरीची पिन गंजते आणि चांगली स्प्रिंगसुद्धा दाबू शकत नाही. आर्म चार-पाच वेळा उचलून-टेकवून बघा; घट्ट, खरखरत फिरत असेल तर पिनेवर तेलाचे दोन थेंब, आणि ओघळ लगेच पुसून घ्या.

आर्मच्या मुळाशी प्लास्टिकची टोपी असते, तिच्याखाली नट. बहुधा १० ते १४ नंबरचा. तो ढिला असेल तर आर्म दात्यांवर घसरतो, दोन वायपर एकमेकांना लागतात किंवा एक काचेशेजारच्या खांबाला आपटतो. काढण्याआधी ब्लेड काचेवर जिथे थांबतं तिथे मास्किंग टेपची खूण करा, नाहीतर परत बसवताना अंदाजपंचे होतं. अडकलेला आर्म स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. गंजरोधक स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा आणि आर्म अर्धा उचलून डावी-उजवीकडे हलवत काढा. परत लावताना दात्यांतला पांढरा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. दाते अॅल्युमिनियमचे असतात, नट गरजेपुरताच आवळा.

नट घट्ट आहे आणि तरी आर्मचं टोक बोटाने धरून हलवलं की 'कटकट' करत बोटभर ढिलेपणा दिसतो, तर आतल्या लिंकेजचे प्लास्टिक बुश गेले. त्यासाठी बॉनेट आणि काचेमधली जाळीची पट्टी काढावी लागते, तिच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, आणि मोटरच्या क्रँकची जागा चुकली तर वायपर भलतीकडे थांबतो. हे मेकॅनिकला द्या. जाळी निघालीच आहे तर तिथला पालापाचोळा काढून घ्या. गुलमोहराची पानं निचऱ्याची भोकं बुजवतात, पाणी साचतं आणि मोटर गंजते.

ब्लेड घ्यायचंच असेल तर

जुनं ब्लेड टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजा. चालकाच्या आणि शेजारच्या बाजूची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते. 'जास्त काच पुसली जाईल' म्हणून दोन इंच लांब घेऊ नका. स्प्रिंग तीच, रबर जास्त. म्हणजे सेंटिमीटरमागे दाब कमी, आणि नवीन ब्लेड पहिल्या दिवसापासून उड्या मारतं. फ्रेम नसलेलं चपटं ब्लेड दिसायला छान, वाऱ्यात उचललं जात नाही, पण त्याचा बाक काचेच्या बाकाशी जुळला नाही तर टोकं अधांतरी राहतात. दुकानातच काचेवर टेकवून बघा, टोकाखाली कागद सरकला तर परत करा. जुन्या, जास्त गोलाईच्या काचेवर साधी सांध्यांची लोखंडी फ्रेम अजूनही चांगलं काम करते. हुक 'यू' आकाराचा आहे, बटणाचा आहे की आडव्या पिनेचा, हे फोटो काढून न्या. अडॅप्टर नीट 'कट्' करून बसला नाही तर तोच खडखडतो. आणि नवीन ब्लेड न धुतलेल्या काचेवर कधीही लावू नका.

वॉशरच्या टाकीत पाणी असतं का, हेही बघा. कोरड्या धुळीवर फिरवलेला एक वायपर रबराची धार आणि काच दोन्ही खराब करतो. पाणी उडवणारं जेट बुजलं असेल तर शिवणाच्या सुईने मोकळं करा, फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर पडू द्या. पाणी बोअरचं नको, आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं तर नकोच, त्यात क्षार आणखी दाट असतात. एसीतून ठिबकणारं पाणी फडक्याने गाळून चालतं. केसांचा शाम्पू टाकायची सवय असेल तर पुडीवर 'कंडिशनर' लिहिलंय का बघा. त्यात सिलिकॉन असतं, म्हणजे काचेवरून काढलेला थर तुम्ही टाकीतून परत मारताय.

मागच्या काचेचा वायपर कमी वापरला जातो म्हणून त्याचं रबर टिकतं असं वाटतं. ते वाळतं, आणि चिखलावर कोरडं फिरतं. आधी पाणी मारा, मग फिरवा.

घाटात, रात्री, मधेच सुरू झालं तर

ताम्हिणी किंवा आंबोलीच्या धुक्यात पाऊस नसतो, नुसतं दमट असतं. काच ना ओली ना कोरडी, आणि रबराला सगळ्यात जास्त घर्षण याच अवस्थेत लागतं. नवं ब्लेडसुद्धा किंचाळतं. तिथे वायपर सतत चालू न ठेवता थांबत-थांबत चालणाऱ्या टप्प्यावर ठेवा आणि मधूनमधून वॉशर मारा. तो दोष नाही.

पाऊस जोरात असताना उड्या सुरू झाल्या तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, दोन्ही आर्म टॉवेलवर उचला, रबर ओल्या रुमालाने पुसा. बऱ्याचदा एखादं ओलं पान किंवा खडा निघतो आणि तेवढ्यावर भागतं. जुने ट्रकवाले काचेवर भिजवलेली तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचे. त्याने पाण्याचे गोळे न होता चादर होते आणि वायपर बंद पडला तरी थोडं दिसतं. हिशोब तोच, काच ओली होण्याचा. हाताशी साधी शाम्पूची पुडी असेल तर तिचे चार थेंब ओल्या फडक्यावर घेऊन काच पुसा. पंधरा-वीस मिनिटं निघतात, तेवढ्यात घाट उतरता येतो. खाली आल्यावर काच धुवायची, कारण तो फेस वाळला की सकाळी पुन्हा पडदा.